पाइपलाइन जॉइंटलाच का गंजते? वेल्डिंगपासून स्लीव्हपर्यंत काय सुधारायचं

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं, की जुनी लाइन चार-पाच ठिकाणी उकरून बघितली तर पाइपचं फॅक्टरीतलं कोटिंग ठणठणीत, पण दर वेळी जॉइंटवरच्या स्लीव्हखाली (जॉइंटवर गुंडाळून तापवली की आकसून बसणारी प्लास्टिकची बाही) गंज, आणि आता नवीन लाइनचं काम सुरू होतंय तर फील्ड वेल्डिंग आणि जॉइंट कोटिंगमध्ये काय बदलायचं, भारीतली स्लीव्ह घेतली तर भागेल का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो, नाही भागणार. मी आधी बरीच वर्षं वेल्डिंग इन्स्पेक्शन केलं आणि मग कोटिंगकडे आलो, आणि जेवढे खराब जॉइंट उघडले त्यात माल खराब होता असे बोटावर मोजण्याइतके, बाकी सगळीकडे माल चांगला आणि बसवताना घाई. दुसरं म्हणजे वेल्डिंगवाले पुढे गेले की मागून कोटिंगवाले येतात, दोघांची गाठ पडत नाही, आणि एकाने सोडलेली घाण दुसरा झाकून टाकतो.

हिशोब बघा. पाइप साधारण १२ मीटरचा, म्हणजे किलोमीटरला ८३-८४ जॉइंट. वेल्डिंगसाठी प्रत्येक टोकाला अंदाजे १५० मिलिमीटर कोटिंग काढलेलं असतं, दोन टोकं मिळून ३०० मिलिमीटर, म्हणजे लांबीच्या अडीच टक्के. बाकीचा सगळा पाइप छपराखाली, मशीनवर, इंडक्शनने २०० डिग्रीच्या वर तापवून, आधी एफबीई (गरम पाइपवर वितळून बसणारी इपॉक्सी पावडर) मग चिकट थर मग पॉलिथिलीन असा थ्री लेयर होऊन येतो. आणि ही अडीच टक्के जागा चरीच्या काठावर, वारा, धूळ, दव, सिलिंडर संपत आलेला, अशा अवस्थेत दोन-तीन माणसं हाताने करतात. मग गंज दुसरीकडे कशाला जाईल.

एक जॉइंट अजून डोळ्यासमोर आहे. वरून स्लीव्ह एकदम छान, सुरकुती नाही, जळल्याचा डाग नाही, हॉलिडे टेस्ट (कोटिंगला भोक आहे का ते ठिणगीने शोधणारी चाचणी) पास झाल्याची नोंद होती. पाइपच्या पोटाखाली, म्हणजे घड्याळाच्या आकड्यांप्रमाणे सहाच्या पोझिशनला, सुरीने चौकोन कापला आणि कोपरा उचलला तर वाळलेली साल निघावी तसा अख्खा तुकडा हातात आला आणि आतून चमचाभर पाणी ओघळलं. चिकटा सगळा स्लीव्हच्या बाजूला, स्टीलवर नावालाही नाही, वेल्डच्या दोन्ही कडांना काळा चिखलासारखा थर, तो पुसला तर खाली नख अडकेल एवढे खड्डे. असं पाणी दिसलं की फडकं फिरवायच्या आधी पीएच पेपर लावा. ९ च्या वर आलं तर कॅथोडिक प्रोटेक्शनचा (गंज रोखायला मातीतून पाइपला देतात तो) करंट तिथपर्यंत पोचत होता असं समजायचं, ६-७ च्या आसपास आलं तर पोचत नव्हता. त्या दिवशी पेपर ७ च्या पुढे सरकला नाही. काळ्या थरावर सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिडचा थेंब टाकल्यावर सडक्या अंड्याचा वास आला, म्हणजे सल्फाइड, म्हणजे बॅक्टेरियांनीही संसार थाटलेला असणार.

हे नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. कोटिंगला सरळ भोक पडलं तर तेवढं वाईट नाही, मातीतून करंट त्या भोकापर्यंत येतो, पाइपचं पोटेन्शियल कॉपर-कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडच्या तुलनेत उणे ८५० मिलिव्होल्ट किंवा त्याहून जास्त उणे टिकलं की तिथलं स्टील वाचतं. पण स्लीव्ह फाटली नाही आणि नुसती सुटली, की कडेने पाणी आत शिरतं आणि वरचं पॉलिथिलीन करंटला आत येऊ देत नाही. यालाच शील्डिंग म्हणतात. वर ऑफिसात रीडिंग झकास दिसतात आणि खाली पाइप खातोय. म्हणून आपल्याला भोक नको आहेच, पण त्याच्या दसपट भीती सुटलेल्या कोटिंगची बाळगा.

आता वेल्डिंग. ताकदीसाठी जे लागतं ते प्रोसीजरमध्ये असतंच, एपीआय ११०४ (पाइपलाइन वेल्डिंगचं अमेरिकन स्टँडर्ड) सगळ्यांनी वाचलेलं असतं, मी गंजाच्या अंगाने बोलतो. फिटअपपासून, म्हणजे दोन टोकं समोरासमोर जुळवण्यापासून, सुरुवात. दोन पाइपच्या कडा वरखाली राहिल्या की रूट, म्हणजे वेल्डचा सगळ्यात आतला पहिला थर, एका बाजूला पकडतच नाही, आत बारीक खाच राहते आणि त्या खाचेत पाणी आणि गाळ बसतो, आतून गंज तिथूनच धरतो. उलट रूट जास्त आत ओघळला तरी तेच, त्याच्या मागे पाणी साचतं. टोकं जुळवून धरणारा आतला क्लॅम्प रूट पूर्ण फिरेपर्यंत सोडायचा नाही, बाहेरचा असेल तर किमान अर्धा रूट सगळीकडे सारखा वाटून झाल्यावर. क्लॅम्प लवकर काढून पुढच्या जॉइंटला पळवायची सवय सगळीकडे आहे आणि त्यात रूटला बारीक चीर पडते ती वरून दिसत नाही.

रॉडबद्दल एक गैरसमज इतक्यांदा बघितलाय की सांगायलाच हवं. ई ७०१८ सारखा लो हायड्रोजन रॉड ओव्हनमध्ये भाजून, गरम डब्यातून एकेक काढून वापरायचा हे बरोबर. पण ई ६०१० सारखा सेल्युलोजचा रॉड ओव्हनमध्ये टाकायचा नाही, त्याच्या आवरणात थोडा ओलावा असावाच लागतो, भाजला की आर्क बिघडतो आणि पोरोसिटी (वेल्डमध्ये बारीक छिद्रं) येते. उत्साही स्टोअरकीपर सगळे रॉड एकाच ओव्हनमध्ये ठेवतो आणि मग वेल्डरच्या नावाने खडे फोडतात. सेल्युलोजमुळे हायड्रोजन भरपूर जातो म्हणून प्रीहीट (आधी तापवणं) आणि रूटनंतर लगेच, जॉइंट गार व्हायच्या आत हॉट पास (दुसरा थर), यात तडजोड नको. पाइप जितका उच्च ग्रेडचा तितकं हे जास्त लागू, आणि हायड्रोजनची क्रॅक काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीसुद्धा पडते हे लक्षात ठेवून तपासणीची वेळ ठरवा.

पण कोटिंगचं खरं नुकसान होतं ते कॅपमध्ये, म्हणजे वेल्डच्या सगळ्यात वरच्या थरात. कॅप पाइपच्या वर दीड मिलिमीटरच्या आसपास, आणि कडा पाइपमध्ये अलगद मिसळलेल्या हव्यात. उंच, टोकदार कॅप आली की स्लीव्ह तिच्यावर तंबूसारखी ताणून बसते आणि कॅपच्या दोन्ही कडांना पाइपभोवती हवेची पोकळ रिंग तयार होते, नंतर पाणी त्याच रिंगमधून फिरतं. अंडरकटचंही (वेल्डच्या कडेला पाइपमध्ये पडलेली खाच) तेच, एपीआयच्या मर्यादेत बसणारा अंडरकट ताकदीला चालतो पण तिथे ब्लास्टिंगची ग्रिट (स्टील साफ करायला हवेच्या जोराने मारतात ते कण) आणि धूळ अडकून बसते. स्पॅटरचा (वेल्डिंगमध्ये उडून चिकटलेल्या धातूचा) एक दाणा राहिला तर प्रायमर त्याच्या टोकावर पातळ होतो आणि स्लीव्ह आकसताना तो दाणा आतून टोचतो. मी वेल्डिंग फोरमनला एवढंच सांगतो की कॅप झाल्यावर डोळे मिटून हातमोजा न घालता (गार झाल्यावर हो!) बोट फिरवून बघ, जिथे बोट थबकलं तिथे ग्राइंडर लाव. यात एका जॉइंटला काही मिनिटं जातात, पण कोटिंगवाला तुमचं नाव घेऊन दुवा देतो.

आर्क स्ट्राइक हा वेगळा विषय. रॉड पेटवायला पाइपवर घासला किंवा अर्थिंगचा क्लॅम्प ढिला राहून ठिणगी पडली की तिथे पैशाएवढा कडक डाग तयार होतो. नुसता घासून चकचकीत करून उपयोग नाही, घासल्यावर अमोनियम परसल्फेटचं द्रावण लावून काळा डाग उरला नाही हे बघायचं आणि उरलेली जाडी मोजायची. ब्लास्टिंग झाल्यावर हे डाग ओळखूच येत नाहीत, म्हणून ही तपासणी वेल्डिंगच्या लोकांनीच करून मोकळं व्हायचं. आणि वेल्डिंग करताना फॅक्टरी कोटिंगवर दोन्ही बाजूंना चांगलं रुंद ब्लँकेट गुंडाळा, नाहीतर ठिणग्यांनी पॉलिथिलीनला बारीक भोकं पडतात.

मग मधला काळ, ज्याचा कोणी मालक नसतो. रेडिओग्राफी झाली, कोणीतरी फिल्मची पट्टी चिकटवली होती तिचा गोंद राहिला, अल्ट्रासोनिकवाल्याची जेल राहिली, मार्करने जॉइंट नंबर लिहिला, साइडबूमच्या (पाइप उचलणाऱ्या मशीनच्या) बेल्टचं ग्रीस लागलं. ब्लास्टिंगने तेल निघत नाही, ब्लास्टिंग ते तेल सगळीकडे पसरवतं आणि स्टीलच्या खड्ड्यांत ठोकून बसवतं. आधी सॉल्व्हंट, स्वच्छ फडकं, फडकं बदलत बदलत, आणि मगच ब्लास्टिंग. एकच काळं फडकं दिवसभर फिरवणारा माणूस दिसला तर प्रेमाने त्याच्या हातातून काढून घ्या.

ब्लास्टिंग एसए अडीच ग्रेडपर्यंत (स्टील जवळजवळ पांढरट दिसेपर्यंत), प्रोफाइल (पृष्ठभागाचा खरखरीतपणा) साधारण ५० ते १०० मायक्रॉन, आणि तेही टोकदार, गोल शॉटने झालेलं नको. वायर ब्रश फिरवून पाइप चमकवला की लोकांना वाटतं झालं काम, पण पॉवर ब्रश स्टीलला पॉलिश करतो, इपॉक्सीला धरायला काही उरत नाही. पेट्रोलेटम टेप (ग्रीससारख्या मेणाची पट्टी) किंवा व्हिस्कोइलॅस्टिक (कायम मऊ, चिकट राहणारं कोटिंग) असेल तर ब्रशची सफाई चालून जाते, इपॉक्सी प्रायमरच्या स्लीव्हला अजिबात नाही. समुद्रकाठची किंवा कुठलीही साधी वाळू वापरायची नाही, एक तर मीठ, दुसरं म्हणजे वाळूच्या धुळीने ब्लास्टरच्या फुफ्फुसांची वाट लागते. कॉम्प्रेसरमधून हवेबरोबर तेल-पाणी येतं का ते रोज सकाळी नोझलसमोर पांढरा ब्लॉटिंग पेपर मिनिटभर धरून बघा.

मीठ हा छुपा शत्रू आहे. पाइप महिनोन्महिने यार्डात पडलेले असतात, खाऱ्या हवेत किंवा खत मारलेल्या शेताच्या कडेला, मीठ गंजाच्या खड्ड्यांत शिरतं आणि ब्लास्टिंगने पूर्ण जात नाही. ओळखायची खूण, ब्लास्ट केलेलं पांढरट स्टील हवा कोरडी असूनही तासाभरात ठिपक्याठिपक्यांनी काळवंडायला लागतं. ब्रेस्ले पॅचने (स्टीलवर चिकटवून, आत पाणी सोडून मीठ मोजायची पट्टी) मोजा, चौरस मीटरला २० मिलिग्रॅमच्या आत हवं. जास्त आलं तर गोड्या पाण्याने जोरात धुऊन, वाळवून, परत हलकं ब्लास्ट. पॅच टेस्टला लोक कंटाळतात, मी निदान प्रत्येक नवीन यार्डच्या पाइपांवर आणि पावसानंतर करायला लावतो. धुळीसाठी पारदर्शक चिकटपट्टी दाबून काढा आणि पांढऱ्या कागदावर लावून बघा, राखाडी दिसली तर परत हवा मारा.

ओलाव्याबद्दल. स्टीलचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ डिग्री जास्त आणि आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आत, हे सगळ्यांना पाठ असतं पण मोजतं कोण? आणि एक गंमत, गार पाइपवर गॅसचा बर्नर धरला की पहिल्यांदा पाइपला घाम फुटतो. पोरं म्हणतात बघा साहेब स्टीलमधला ओलावा निघतोय. स्टीलमध्ये कसला ओलावा, गॅस जळताना जी वाफ तयार होते तीच गार स्टीलवर जमते. तो घाम पूर्ण उडेपर्यंत तापवून मग ब्लास्टिंग करायचं. ब्लास्ट झालेला जॉइंट त्याच दिवशी, शक्यतो तीन-चार तासांत झाकला गेला पाहिजे, रात्रभर उघडा राहिला तर सकाळी परत ब्लास्ट, वाद नको.

आता तापवणं, माझ्या मते निम्मे जॉइंट इथेच मरतात. स्लीव्हचा चिकटा ठराविक तापमानालाच वितळून स्टीलला आणि पॉलिथिलीनला धरतो, प्रॉडक्टच्या कागदावर तो आकडा असतो. बर्नर हातात असलेला माणूस उभा असतो वर, उष्णता वर जाते, म्हणून बाराच्या पोझिशनला पाइप भरपूर गरम आणि पोटाखाली नुसता कोमट. खाली वाकायला जागा नाही, चिखल आहे, ज्वाळा अंगावर येते. मी वर सांगितला तो जॉइंट असाच मेला असणार. त्यात इन्फ्रारेड गन. ब्लास्ट केलेल्या उघड्या स्टीलवर ती गन खोटं बोलते, कारण ते स्टील कमी उत्सर्जन करतं आणि रीडिंग खऱ्यापेक्षा खाली येतं, माणूस मग जास्त तापवत बसतो आणि बाजूचं पॉलिथिलीन जळतं. टेकवायचा प्रोब असलेला थर्मामीटर घ्या, तीन, सहा, नऊ, बारा असं चारही ठिकाणी, आणि कडेच्या पॉलिथिलीनवर वेगळं. खालचं रीडिंग आल्याशिवाय स्लीव्ह हातात घ्यायची नाही. मोठा व्यास असेल तर समोरासमोर दोन बर्नर, आणि बजेट असेल तर इंडक्शन कॉइल, गोलाकार सारखं तापतं आणि काजळीही नाही. कॉइलवर खर्च करायला कोणी तयार नसतं, पण भारीतल्या स्लीव्हपेक्षा तो पैसा मी कॉइलवर टाकीन.

पॉलिथिलीनची कड ३० डिग्रीपेक्षा जास्त उभी नको, उभी असली तर तिथेही हवा अडकते. स्लीव्ह फॅक्टरी कोटिंगवर दोन्ही बाजूंना किमान ५० मिलिमीटर चढली पाहिजे, आणि तेवढा भाग घासून खरखरीत करून हलकी ज्वाळा फिरवलेला हवा, गुळगुळीत पॉलिथिलीनला काही चिकटत नाही. इपॉक्सी प्रायमर दोन भागांचा असतो, तो अंदाजाने नाही, दिलेल्या मापाने आणि रंग एकसारखा होईपर्यंत ढवळायचा, ओल्या थराची जाडी कंगव्यासारख्या गेजने बघायची, ओल्यावरच स्लीव्ह घालायची की प्रायमर सुकवून ते त्या-त्या प्रॉडक्टनुसार. क्लोजर पॅच (स्लीव्हची दोन टोकं जोडणारी पट्टी) दहा किंवा दोनच्या पोझिशनला. आकसवताना मऊ पिवळसर ज्वाळा, आधी बरोबर मध्ये वेल्डवर गोल फिरून, मग एका कडेकडे, मग दुसऱ्या, म्हणजे हवा बाहेर ढकलली जाते. कडांपासून सुरू केलं तर हवा आत कोंडली. गरम असतानाच रोलर, वेल्डच्या दोन्ही कडांना मुद्दाम दाबून, पाइपला लांब सीम असेल तर तिच्या कडेनेही. शेवटी दोन्ही काठांना चिकटा बारीक दोरीसारखा बाहेर आलेला दिसला पाहिजे, सगळीकडून, खालीही. खाली बघायला छोटा आरसा ठेवा खिशात.

टेस्टिंग. हॉलिडे डिटेक्टरचा व्होल्टेज स्लीव्हला साधारण दर मिलिमीटर जाडीला ५ किलोव्होल्ट अधिक वर ५, जास्तीत जास्त २५, म्हणजे ३ मिलिमीटरला २० किलोव्होल्ट. सुरुवातीला मुद्दाम केलेल्या भोकावर फिरवून ठिणगी पडते का बघा, बॅटरी उतरलेली असली तर मशीन सगळ्यांनाच पास करतं. पण हॉलिडे फक्त भोक दाखवतो, सुटलेली स्लीव्ह त्याच्यातून आरामात पास होते, वरच्या गोष्टीत झालं तसं. चिकटलंय का ते पील टेस्टनेच कळतं. जॉइंट पूर्ण गार झाल्यावर, शक्यतो दुसऱ्या दिवशी, २५ मिलिमीटर रुंदीची पट्टी कापून स्प्रिंग बॅलन्सने ओढायची. आकडा लिहा पण डोळे पट्टीखाली ठेवा, चिकटा स्वतःच मधून फाटून अर्धा स्टीलवर अर्धा पट्टीवर राहिला तर उत्तम, स्टील उघडं पडलं तर आकडा कितीही चांगला असो तो जॉइंट नापास. आणि पट्टी पोटाखालची घ्या, वरची घेऊन काय कळणार.

कुठलं कोटिंग घ्यावं हेही विचारलंत. मेन लाइन एफबीईची असेल तर जॉइंटलाही इंडक्शनवर एफबीई किंवा लिक्विड इपॉक्सी, माझी पहिली पसंती, कारण ते सुटलं तरी करंट बऱ्यापैकी आत जाऊ देतं. थ्री लेयर पॉलिथिलीनला इपॉक्सी प्रायमरवाली स्लीव्ह, नुसता मॅस्टिक (मऊ, डांबरासारखा) चिकटा असलेली नको. तापमानाचा क्लास बघून घ्या, कॉम्प्रेसर स्टेशनच्या पुढचे काही किलोमीटर गॅस गरम असतो, तिथे थंड भागाची स्लीव्ह टाकली की चिकटा मऊ पडून माती तिला ओढून सरकवते. टाय-इनला (लाइनचे भाग एकमेकांना जोडतात तिथे) पाइपमध्ये पाणी किंवा चालू प्रवाह असेल तर तो कितीही तापवा तापणार नाही, तिथे हट्टाने स्लीव्ह लावू नका, व्हिस्कोइलॅस्टिक आणि वरून मजबूत रॅप.

जॉइंटमागे पैसे मिळतात तिथे माणूस पळणारच, त्याला दोष देऊन उपयोग नाही. काम सुरू व्हायच्या आधी त्याच टीमकडून, त्याच बर्नरने, चरीत बसून, नमुन्याचे काही जॉइंट करून घ्या आणि ते सगळे फाडून बघा. जो पास त्याच्या नावाचं कार्ड, माणूस बदलला की परत टेस्ट. रजिस्टरमध्ये वेल्डरच्या नंबरशेजारीच कोटिंग करणाऱ्याचा नंबर आणि सहाच्या पोझिशनचं तापमान, एकाच ओळीत. एका कामावर मी एवढा एक रकाना वाढवला होता, पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी बाराचाच आकडा सहाच्या रकान्यात लिहिला, मग मी दोन जॉइंट सगळ्यांसमोर सुरीने उघडले, त्यानंतर आकडे वेगवेगळे यायला लागले.

लोअरिंगला रुंद बेल्ट, वायर रोप नाही, पाइप चरीत जायच्या आधी परत एकदा हॉलिडे. खाली आणि भोवती मऊ चाळलेली माती, दगडाळ जागी रॉक शील्ड, आणि जेसीबीवाल्याला पहिला थर टाकताना कोणीतरी समोर उभं राहून सांगणारं हवं. स्लीव्ह पुरेशी गार झाल्याशिवाय माती टाकू नका. माती बसली की डीसीव्हीजी सर्व्हे (जमिनीवरून व्होल्टेज मोजून कोटिंगची भोकं शोधणं) करून घ्या, त्यात भोकं सापडतील ती बुजवा, आणि त्याच वेळी सर्व्हेत स्वच्छ आलेले दोन-तीन जॉइंटही उकरून पोटाखाली सुरी घालून बघा.